छावणीतली चार मिनिटं

सर, परवा दुकानात तिघं जण आले होते. तिघंही तुमचे विद्यार्थी. त्यातल्या एकाला तुमच्या वर्गात बसलेलं कधी कुणी पाहिलं नसेल, पण आता तो स्वतःला तुमचा पट्टशिष्य म्हणवतो. तुमच्या नावानं महोत्सव भरवायचा आहे म्हणाले, आपल्या धाराशिवात, दोन दिवसांचा, पर्यायी सिनेमाचा. कॉलेजचा हॉल मिळालाय, फ्लेक्स छापायला गेलाय, त्यावर चष्मा कपाळावर चढवलेला तुमचा फोटो आहे. उद्घाटनाला तुमचा दुष्काळातल्या चारा-छावणीवरचा सिनेमा दाखवायचाय, आणि त्याची धड प्रत आता फक्त माझ्याकडच्या डिस्कवर आहे, हे त्यांना तुमच्या घरी काकूंनी सांगितलं. मी विचारलं, उद्घाटन कोण करणार? त्यांनी नाव सांगितलं आणि मी हातातला चहा खाली ठेवला. तोच माणूस. ज्याची ती छावणी होती. आता ते बरेच मोठे झालेत, त्यांच्या गाडीच्या मागंपुढं गाड्या असतात. हॉल, मंडप, जेवण, सगळं त्यांनीच अंगावर घेतलंय. सिनेमाही त्यांनीच निवडलाय. "सरांचा खरा शिनिमा त्योच, माझ्यावर टीका हाय त्यात, तरी दाखवा म्हणले साहेब. मन लई मोठं हाय त्यांचं," असं तुमच्या पट्टशिष्यानं मला डोळे मोठे करून सांगितलं.

तुम्ही असता तर हो म्हणाला असता. हे मला पक्कं माहीत आहे आणि त्याचीच चीड येते. ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्या तोंडावर बोलायचं, हे तुमचं ठरलेलं होतं. तो स्वतःहून समोर येऊन बसतोय म्हटल्यावर तुम्ही त्याला खुर्ची पुसून दिली असती. मला त्या माणसाचं काही पडलेलं नाही. खरं सांगायचं तर त्यांच्या वाढदिवसाची रील गेली तीन वर्षं मीच करते. गाडीतून उतरणारा पाय, संथ गतीत उडणारी धूळ, मग गॉगल, मग ढोल. तुम्ही ज्या सिनेमाला नावं ठेवायचात तो आता टॉकीजमध्ये शोधावा लागत नाही, प्रत्येकाच्या खिशात असतो, आणि आपल्या जिल्ह्यातला त्यातला बराच माल माझ्या दुकानातून जातो. मला घोर होता तो चार मिनिटांचा. त्या सिनेमात ती बाई चार मिनिटं बोलते, आणि त्या चार मिनिटांनी तिचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. आता त्याच माणसासमोर, त्यानंच लावून दिलेल्या पडद्यावर, तिला पुन्हा बोलायला लावायचं का? आणि तेही तिला न विचारता? डिस्क सोमवारपर्यंत हवी म्हणाले. मी 'बघते' म्हटलं.

मी तुमची विद्यार्थिनी नव्हते. बसस्टँडजवळच्या लग्नाच्या व्हिडिओच्या दुकानात एडिटिंग करणारी पोरगी होते. नवरीच्या चेहऱ्यावर गुलाब पाडायचे, नवरा-नवरीला बदामाच्या आकारात बसवायचं, पाठवणीला सनई लावायची, एवढं मला येत होतं आणि झकास येत होतं. लग्नसराई संपली की दुपारी मशीन रिकामं असायचं, मालक तुमचे जुने विद्यार्थी, म्हणून तुम्ही कापडी पिशवीत कॅसेटी घालून यायचात. पहिल्याच दिवशी माझ्या मागं उभं राहून तुम्ही विचारलंत, "हे गुलाब कुठून पडतायत?" मी म्हटलं, "सॉफ्टवेअरमधून, सर." तुम्ही इतके हसलात की मालक आत बघायला आले. मराठी शिकवणारा माणूस, छोटा कॅमेरा घेतलेला, सुट्टी लागली की एसटीनं खडीच्या क्रशरवर, वीटभट्टीवर, टँकरच्या रांगेत जाऊन बसणारा. असा माणूस मी पाहिला नव्हता. महिनाभरात मी तुमच्याबरोबर फिरायला लागले. काकू डबा द्यायच्या तो माझ्यासकट द्यायच्या. पडदाही काकूंनीच शिवलेला, दोन पांढऱ्या चादरी जोडून; मधली शिवण पडद्यावर येईल त्याच्या चेहऱ्यावरून जायची. एकदा तुम्ही मला टॉकीजमध्ये मॅटिनीला नेलंत आणि म्हणालात, "पडद्याकडं बघू नकोस, लोकांकडं बघ." मी अख्खे तीन तास लोकांकडं बघितलं. वाद्यं वाजली की रडत होते, वाद्यं थांबली की शेंगा खात होते. बाहेर पडल्यावर तुम्ही म्हणालात, "आता ऐक, कोण कुणाला काय विचारतंय." सगळे एकमेकांना सायकल कुठं लावली ते विचारत होते. तुम्हाला असा सिनेमा हवा होता की बाहेर पडताना लोकांनी दुसरं काहीतरी विचारावं. मला त्या दिवशी ते फार मोठं वाटलं, आणि आज राग आलेला असतानाही ते खोटं होतं असं मला म्हणता येत नाही.

मग ते दुष्काळाचं साल. परंडा तालुक्यात, सोनारीच्या रस्त्यानं जरा आत, उघड्या माळावर ती छावणी. अजून डोळ्यापुढं आहे. लांबच लांब दावणी, पाचटाचे आणि जुन्या लुगड्यांचे आडोसे, जनावरांच्या कानात पिवळे बिल्ले. बिल्ला असेल त्याच जनावराला चारा. माणसं घरं बंद करून जनावरांपाशी राहायला आलेली. उसाचं वाढं, म्हणजे वरचे हिरवे शेंडे, आलं की सगळा माळ उठून टेंपोकडं पळतो. आपण तीन आठवडे जाऊन-येऊन तिथं आहोत. पहिला आठवडा तुम्ही कॅमेरा पिशवीतून काढतच नाही, नुसते बायकांना ऊस तोडू लागता, तोही धड येत नाही, त्यावर त्या हसतात. छावणीचा मालक तेव्हा नुकताच पुढारीपणाला लागलेला, दिवसातून दोनदा बुलेटवरून येणार, आपल्याला चहा पाजणार. "काढा सर, काढा की शिनिमा. आमच्या छावणीचं नाव व्हऊ द्या," म्हणणार. तुम्ही त्याला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, नाव होईल की बदनामी ते आत्ता सांगता येणार नाही. त्याला ती गंमत वाटली.

ती बाई दावणीच्या पार टोकाला होती. चाळिशीची असेल. घरात दुसरं कुणी नाही, एक गाय आणि एक कालवड, एवढाच तिचा संसार. बोलायला बिनधास्त, हात चालू ठेवून बोलायची. एका दुपारी तुम्ही तिला काही विचारलंही नव्हतं, कॅमेरा नुसता चालू होता, आणि तिनं सुरुवात केली. "तपासणीचा सायेब यायच्या दिशी सकाळच्याला टेंपो येत्यात. दुसऱ्या गावची जनावरं. आमच्या दावणीला बांधत्यात आन् सांगत्यात, इचारलं तर आपलीच म्हणायची. परवा माझ्या दावणीला चार खिल्लारी बैल व्हते. चार! सायेब म्हणला, बाई, बैल कुणाचे? म्या म्हणलं, माझेच की. सांजच्याला गेले परत टेंपोत. एका दिसाची मालकीण झाले म्या." मग ती हसली, पदर तोंडाला लावून बराच वेळ हसली. हसणं थांबल्यावर म्हणाली, "त्यातल्या एकानं माझ्या हातचा ऊस खाल्ला. टेंपोत चढवताना मागं बगत व्हता." बस, एवढंच. तिच्या मागं तिची गाय रवंथ करत उभी. सरकार जनावरामागं पैसे देतं म्हणून कागदावर भरलेली आणि माळावर अर्धी रिकामी असलेली ती छावणी, सगळी त्या बोलण्यात आली होती. परतीच्या एसटीत तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, इतके खूश होतात.

ते मी कापायला घेतलं तेव्हा सवयीनं खाली बासरी टाकली. ती बैल मागं बघत होता म्हणते तिथं बासरी वर चढायची, मला स्वतःलाच रडू यायचं. तुम्हाला मोठ्या हौसेनं दाखवलं. तुम्ही ऐकलंत आणि असे चिडलात की आजवर तुम्हाला तसं पाहिलं नव्हतं. "बाईचं बोलणं कमी पडलं का तुला?" म्हणालात. "ती हसतेय आणि तू मागून रडतेयस. कुणी सांगितलं तुला रडायला?" दुकानाच्या मालकांसमोर बोललात, मी अपमानानं लाल झाले, घरी जाऊन जेवले नाही. दुसऱ्या दिवशी बासरी काढली. नुसती बासरी नाही, सगळे कटही काढले. तासाभराच्या बोलण्यातून कुठं सुरू करायचं आणि कुठं थांबायचं एवढंच ठरवलं, आणि चार मिनिटं सलग ठेवली. ती थांबते, मग गायीच्या घंटेचा आवाज येतो, मग काळा पडदा. तुम्ही ते पाहिलंत आणि म्हणालात, "हे तुला जमलं." पुढच्या वेळी सोलापूरहून येताना माझ्यासाठी मोठे हेडफोन घेऊन आलात, म्हणालात, कान नीट ठेव. माझ्या वडिलांनी मला जमलं असं कधी म्हटलं नव्हतं, शाळेत कुणी म्हटलं नव्हतं, दुकानात तर गिऱ्हाईक फक्त गुलाब कमी पडले एवढंच सांगायचं. त्या तीन शब्दांवर मी किती दिवस काढले ते तुम्हाला कळलं नसेल.

आता तुमच्या नियमाकडं येते. ज्यांचा सिनेमा त्यांना तो पहिल्यांदा दाखवायचा, पुण्या-मुंबईला नंतर. आणि सिनेमात जो बोलतो त्याला आधी विचारायचं, तो नको म्हणाला तर तेवढं काढायचं. आणि ज्याच्यावर बोललोय त्यालाही पहिल्याच खेळाला बोलवायचं. असला नियम दुनियेत कुणी केला नसेल. पडदा छावणीतच लागला, लाईट छावणीमालकाच्या जनरेटरवर, माइक त्याचा, पहिल्या रांगेत प्लॅस्टिकची खुर्ची त्याला. मी तुम्हाला म्हटलं होतं, सर, तिचा चेहरा धूसर करू या, मला येतं. तुम्ही म्हणालात, "चेहरा चोराचा झाकतात. तिनं काय चोरलंय?" बायकांना विचारायचं काम तुम्ही माझ्याकडं दिलं होतं, कारण तुमच्यासमोर त्या मोकळेपणी नाही म्हणणार नाहीत, हे तुम्हाला कळत होतं, तेवढं शहाणपण तुमच्यात होतं. त्या दुपारी मी दावणीनं फिरून एकेकीला विचारलं. तुम्ही शिडीवर चढून पडद्याच्या दोऱ्या बांधत होतात, वरूनच ओरडलात, "सगळ्यांना विचारलंस?" मी म्हटलं, "विचारलं, सर." त्या दुपारचं मी इथं थोडं कापून सांगतेय. पुढं येईन त्यावर.

दिवेलागणीला खेळ सुरू झाला. जनावरांसकट सगळी छावणी समोर. माणसं स्वतःला पडद्यावर पाहून नुसती किंचाळत होती. छावणीमालकही खुर्चीत पाय पसरून खूश, स्वतःचा बुलेटवरचा शॉट आला तेव्हा टाळ्या घेऊन झाल्या. मग ती आली. "एका दिसाची मालकीण झाले म्या" म्हणाली आणि सगळा माळ हसला. सर, तसं हसणं मी कुठल्याही विनोदी पिक्चरला ऐकलेलं नाही. म्हातारे खोकेपर्यंत हसले. सगळ्यांना माहीत होतं ते कुणीतरी मोठ्यानं बोललं, त्याचं ते हसू होतं, आणि ते सगळं त्या एका खुर्चीवर जाऊन पडत होतं. बासरी असती तर लोक रडले असते, त्यानंही रुमाल काढला असता आणि तिला साडीचोळी केली असती. बासरी नव्हती म्हणून त्याला प्रत्येक शब्द नीट ऐकू आला. खेळ संपल्यावर तो उठला, हसतच, आणि तुम्हाला शाल आणि नारळ दिला. तुम्ही तो घेतलात. परतीच्या वाटेवर मला म्हणालात, "बघ, माणूस वाईट नाही. व्यवस्था वाईट आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या गायीच्या आणि कालवडीच्या कानातले बिल्ले काढून घेतले. यादीत नाव नाही म्हणाले. वाढ्याचा टेंपो तिच्यापुढून गेला, थांबला नाही.

तुम्ही तहसीलला गेलात, अर्ज दिलात, पेपरात छापून आणलंत, सगळं केलंत. चौकशी लागली म्हणून आनंदानं मला फोन केलात. पण चौकशीला वेळ लागतो आणि गाय तेवढी थांबत नाही. नवव्या दिवशी तिनं गाय आणि कालवड, दोन्ही आठवडी बाजारात नेली आणि तिकडूनच उमरग्याकडं बहिणीच्या गावाला निघून गेली. सिनेमा मात्र गाजला. पुण्याच्या खेळाला मी दुसऱ्या रांगेत होते. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. एका मुलीनं विचारलं, त्या बाईंना आधी विचारलं होतं का? तुम्ही शांतपणे म्हणालात, "विचारलं होतं. आमचा नियमच आहे. ती नको म्हणाली असती तर आम्ही काढलं असतं. पण ती तिच्या शब्दावर ठाम होती." मला खुर्चीत बसवेना. बाहेर येऊन मी बेसिनपाशी तोंड धूत राहिले. त्यानंतर तुमच्याकडं यायचं मी बंद केलं, कारण विचारलंत तेव्हा म्हटलं, तुमच्या हट्टापायी एका बाईचं वाटोळं झालं, मला नाही जमणार. मी हे भेटेल त्याला सांगितलं. दुकानाच्या मालकांना सांगितलं, तुमच्या बाकीच्या पोरांना सांगितलं. तुम्ही गेल्यावर दहाव्याला काकूंनाही सांगितलं, भाकरी वाढता वाढता, की सरांनी जरा ऐकलं असतं तर बरं झालं असतं. काकू म्हणाल्या, "हट्टी होतेच गं ते." त्यांनी डोळे पुसले आणि मला अजून एक भाकरी वाढली.

तर काल, रविवारी, मी उमरग्याला गेले. तुमच्या नियमाची मला आठवण झाली असं समजू नका. डिस्क न द्यायला मला काहीतरी कारण हवं होतं. हैद्राबाद हायवेला लागून एक धाबा आहे, तिथं ती भाकरी करते, हे परंड्याच्या एका बाईकडून कळलं होतं. मागच्या अंगाला चुलीपुढं बसली होती. केस पांढरे, हात तसेच, बोलताना चालू. एक पोऱ्या तिला कानडीत काही सांगून गेला, तिनं कानडीतच त्याला झापलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"कोण गं तू?"

"छावणीत सिनेमा केला होता बघा. सरांबरोबर."

तिनं भाकरी उलटली. "कंपूटरवाली. जाड झालीस की." आणि मग, "सर कसे हायत?"

मी सांगितलं की तुम्ही गेलात, सहा वर्षं झाली. तिनं तव्यावरची भाकरी काढून ठेवली. "चांगला माणूस व्हता," म्हणाली. "बोलायचा लई, पर चांगला व्हता. आल्ते माझ्याकडं दोनदा. एक डाव बहिणीच्या घरी, एक डाव हितं."

हे मला माहीत नव्हतं, सर. तुम्ही कुणालाच सांगितलं नव्हतंत.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"त्येच त्येच. हात जोडून बसले हुते. म्हणले, बाई, तुमी आमच्यातल्या कुणाला म्हणला व्हता का, की हे काढा म्हणून? म्हणला असाल तर सांगा, मला कळू द्या. म्या म्हणलं, न्हाय. म्या कुणाला काय म्हणले न्हाय."

मी चुलीत एक लाकूड सारलं.

"तुझं लगीन व्हायचं व्हतं तवा," ती म्हणाली. "तुला कामावरनं काढलं असतं त्यांनी. माझं तर गेलंच व्हतं, मग तुझं कशाला घालवायचं?"

आता ते कापलेलं सांगते. त्या दुपारी मी तिच्यापाशी गेले तेव्हा ती गायीला पाणी दाखवत होती. मी म्हटलं, तुमचं ते बैलांचं बोलणं सिनेमात आहे, ठेवायचं ना? तिनं लगेच सांगितलं, "त्येवढं काढ की बाई. बोलायच्या भरात बोलले म्या. माझी गाय त्याच्याच दावणीला हाय." स्पष्ट सांगितलं, दोनदा सांगितलं. मी म्हटलं, बरं, सरांना सांगते. आणि तुमच्या शिडीखालून जाताना तुम्ही विचारलंत, विचारलंस का? मी विचारलं होतंच. तिनं काय उत्तर दिलं ते तुम्ही विचारलं नाहीत, आणि मी सांगितलं नाही. खेळाच्या वेळी डीव्हीडीचा रिमोटही माझ्याच हातात होता, सर. एक बटण दाबलं असतं तर ती चार मिनिटं पुढं गेली असती, कुणाला पत्ताही लागला नसता. ती येण्याच्या आधी माझा अंगठा त्या बटणावर होता. मी दाबलं नाही, कारण ते मला जमलेलं एकमेव काम होतं आणि तुम्ही तसं म्हणाला होतात. सगळ्या छावणीनं ते पाहावं, तुम्ही माझ्याकडं वळून पाहावं, एवढंच मला हवं होतं. तुम्ही पाहिलंतही. कधी कधी मी मनाची समजूत घालते की मी सांगितलं असतं तरी तुम्ही तिच्यापाशी जाऊन बसला असतात, लोकशाहीवर बोलला असतात, आणि तिनं 'व्हय सर' म्हणून मान हलवली असती. तसं झालंही असतं, तुम्ही तसे होतात. पण ते तुमचं पाप झालं असतं, आणि हे माझं आहे.

मी तिला म्हटलं, आता तो सिनेमा पुन्हा दाखवायचाय, आणि उद्घाटनाला कोण येणार आहे ते सांगितलं. ती हसली, अगदी तेव्हासारखी, पण पदर तोंडाला न लावता. "त्याला लई आवडला वाटतं," म्हणाली. मी मोबाईल काढला, म्हटलं, ती चार मिनिटं यात घेतलीत, बघता का? तिनं विचारलं, "गाय दिसती का त्यात?" मी म्हटलं, दिसते, तुमच्या मागं उभी आहे. "मग नको," म्हणाली, आणि परातीत पीठ ओढलं. मी तरीही विचारलं, दाखवू की नको, तुम्ही म्हणाल तसं करते. "नको. तवा बी नकोच म्हणलं व्हतं." मग पहिल्यांदा हात थांबवून माझ्याकडं नीट पाहिलं. "आता तरी सांगशील न्हवं?" मी म्हटलं, सांगते. तिनं मला भाकरी आणि पिठलं खायला घातलं, आणि मी ते खाल्लं.

आज सोमवार. सकाळी तुमच्या पट्टशिष्याचा फोन आला. मी त्याला म्हटलं, डिस्क उघडत नाही, खराब झालीय. एवढंच म्हणायचं होतं, की ती बाई नको म्हणते, आणि सरांचा नियम आहे. एका वाक्याचं काम होतं. पण मग त्यानं विचारलं असतं, मग तेव्हा कशी हो म्हणाली होती? म्हणून तिचं 'नको' मी दुसऱ्यांदाही पोचवलं नाही. त्याला फार वाईट वाटलं. म्हणाला, "जाऊ द्या ताई. साहेब तोंडीच सांगतील शिनिमात काय व्हतं ते. त्यांना सगळा पाठ हाय." म्हणजे आता तो माणूस तुमच्या फोटोखाली उभा राहून तिची नक्कल करणार, चार बैल, एका दिसाची मालकीण, आणि हॉल हसणार. दुपारी काकूंचा फोन आला. डिस्क खरंच गेली का गं, म्हणाल्या, ह्यांचं तेवढंच शिल्लक होतं. मी म्हटलं, हो काकू, गेली. त्या दोन गल्ल्या सोडून राहतात, चालत गेले तर पाच मिनिटं लागतात, हे सगळं मी त्यांना बसून सांगू शकते. तुम्हाला लिहितेय ते तुम्ही वाचणार नाही म्हणून.

डिस्क टेबलावर आहे, ठणठणीत आहे. लिहिता लिहिता मघाशी ती चार मिनिटं मी पुन्हा पाहिली, तुमचे हेडफोन कधीच मोडले, दुसरे लावून पाहिली. तिचा चेहरा पाहून रडेन असं वाटलं होतं. तसं झालं नाही. मी सुरुवात कुठं केलीय आणि थांबलेय कुठं, तेवढंच बघत राहिले. सर, आजही त्यातलं काही काढावंसं वाटत नाही.